मलेरिया नव्हता, आत्या

आत्या, तुझ्या रक्तात मलेरिया नव्हता. पहिल्या वेळी नव्हता आणि या वेळीही नव्हता.

या वेळी तर मागणी तूच केली होतीस. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून, धाप लागलेली असताना तू मला म्हणालीस, "नंदे, आधी मलेरियाचं रक्त घे. मंग तुयं ते दुसरं काय आहे ते पाह्य." शेजारची सिस्टर हसली. मीही हसले, आणि रक्त घेतलं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तापाच्या रोग्याचं मलेरियासाठी रक्त तपासणं ही गंमत नसते. तू सांगितलं नसतंस तरी मी ते घेतलंच असतं. तपासणीचा निकाल आला तेव्हा तुझ्या घशात नळी होती आणि तू औषधाच्या झोपेत होतीस. जंतू नाहीत, असा तो निकाल होता. तुला सांगायचा राहून गेला, म्हणून आज पहिल्यांदा तेच सांगते आहे.

तुझी तेरवी झाली. घरातली माणसं आपापल्या कामाला लागली. बाबा पहाटे तलावावर जातात आणि उन्हं चढायच्या आत परत येतात. जाळं टाकतात की नुसते बांधाच्या पाळीवर बसतात, हे आईने त्यांना विचारलेलं नाही. मी पुन्हा अतिदक्षता विभागात उभी राहते. परवा एका बाईचे पाय चाचपताना मला तुझ्याशी बोलायची इतकी घाई झाली की बाहेर येऊन मी दोन घोट पाणी प्यायले. आपल्यातला वाद अर्धवट राहिला आहे, आत्या, आणि असला वाद मला सोडवत नाही. हा स्वभाव तुझ्याकडूनच आला, असं आई म्हणते.

वाद काय होता, ते आधी नीट मांडते. तू तो नेहमी मुद्दाम विस्कटून टाकायचीस.

आपल्या भागातल्या माणसाला हिवताप शिकवावा लागत नाही. आधी हिव भरतं, दात वाजतात, सगळ्या घरची पांघरुणं अंगावर पडतात. मग अंग भाजतं. मग घाम सुटतो, अंग गार पडतं, आणि घरातली बाई पांघरुणं उचलत म्हणते, "उतरला." या क्रमावर आपल्याकडच्या पिढ्यांनी भरवसा ठेवला, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरला. जिथे मलेरिया नाही, तिथली माणसं तापाच्या रोग्याचे गार पडलेले हातपाय पाहून कदाचित दचकतील. आपल्याकडे मात्र गार अंग ही आनंदाची बातमी असते. रक्तात शिरलेला जंतुदोष, ज्याला आम्ही सेप्सिस म्हणतो, तोही पुष्कळदा याच क्रमाने चालतो: थंडी, ताप, घाम आणि शेवटी गार अंग. फरक एवढाच की हिवतापात शरीर आतली उष्णता घामावाटे बाहेर टाकून मोकळं होतं, तर सेप्सिसमध्ये हातापायांपर्यंत रक्त पोचेनासं झाल्यामुळे ते गार पडतात. उशाशी बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. धान कापून झालं होतं आणि मूल गावच्या राइस मिल्स दिवसरात्र चालू होत्या. मी नागपूरला इंटर्नशिप करत होते. जाळ्यातली मासळी निवडताना शिंगी माशाचा काटा तुझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिरला. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात शिंगीचा काटा ही सांगण्याजोगी घटना नव्हे. तू हात निखाऱ्यावर शेकलास, हळद भरलीस आणि टोपली डोक्यावर घेऊन मूलच्या बाजाराला गेलीस. हात कोपरापर्यंत सुजला तेव्हा म्हणालीस, शिंगी मोठी होती. पुढे थंडी वाजून ताप आला, तेव्हा सगळ्यांनी ताप वेगळा आणि हात वेगळा धरला. घरी असतील त्या मलेरियाच्या गोळ्या तुला दिल्या.

तरीही बाबा घाबरले होते. त्यांनी सकाळीच निरोप पाठवून शब्बीरभाईंची काळीपिवळी जीप दारात बोलावली. जीप आली तेव्हाच तुला घाम सुटला होता आणि अंग गार पडलं होतं. पुढचं मला आईने सांगितलं. शब्बीरभाई म्हणाले, "देवरावभाऊ, आता आलोच आहे तर घेऊन चला नं बाईले. गाडी रिकामीच आहे." आणि बाबा हसत म्हणाले, "अर्रे भाऊ, उतरला ताप! पाह्य, बाई कशी थंडी पडली. चहा पे अन् जाय."

सुटीवर घरी येताना मी बसमधून फाट्यावर उतरले तेव्हा ती रिकामी जीप माझ्या समोरूनच गेली. घरी आले तर अंगणात माणसं होती आणि चुलीवर पुन्हा चहा चढला होता. तू खाटेवर बसल्यासारखी पडली होतीस आणि मोठ्याने भाव करत होतीस. डोळे छपराकडे होते. "घ्यायची तं घे, नाईतर चालू लाग! बोटं लावून लावून मासोळी शिळी करून राह्यली!" अंगणातली माणसं पोट धरून हसत होती. म्हातारी काकू मला म्हणाली, "तुयी आत्या बरी झाली वं. गिऱ्हाइकाले शिव्या देऊन राह्यली!"

मीही क्षणभर हसले असेन. मग जवळ येऊन विचारलं, "आत्या, मी कोण?"

तू म्हणालीस, "पाव किलोच्या वर उधार नाई."

तुझे पाय गुडघ्यापर्यंत गार होते. मनगटावर नाडी सापडेना. गळ्याशी सापडली, ती पळत होती. श्वास मोजायची गरज नव्हती, तो दारातूनच ऐकू येत होता. आईला विचारलं, लघवी कधी झाली? आई विचारात पडली. आदल्या संध्याकाळपासून ती तुला धरून परसात घेऊन गेलेलीच नव्हती. पुस्तकातली पानं मला पाठ होती, पण त्या सगळ्या ओळी एकाच खाटेवर एकत्र आलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. ती खाट आपल्या घरातली होती.

त्यानंतरचं तुला आठवत नव्हतं. आम्ही इतक्यांदा सांगितलं की नंतर तू ते स्वतः पाहिल्यासारखं सांगायचीस. राइस मिलच्या ट्रकमधून, कोंड्याच्या पोत्यांवर तुला निजवून आम्ही चंद्रपूर गाठलं. बाबा तुझे तळवे चोळत होते, थांबतच नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी तुझा हात पाहिला, पाय पाहिले आणि कशाचाही निकाल येण्याची वाट न पाहता दोन्ही बाजूंनी सलाईन जोरात सोडलं. तपासणीसाठी रक्त काढलं आणि लगेच अँटिबायोटिक दिलं. "रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तोवर ह्या थांबणार नाहीत," असं ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी हातातला पू काढला आणि मधल्या बोटाची दोन पेरं कापावी लागली. लघवीच्या पिशवीत पहिल्यांदा पिवळं पाणी उतरलं, तेव्हा मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन रडले. बाबांना वाटलं, तू गेलीस. पिशवीत लघवी आली म्हणून कुणी रडतं, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

माझी पुढची वाट तिथेच ठरली. मला डोळ्यांची डॉक्टर व्हायचं होतं, हे तुला ठाऊक होतं. मी मेडिसिन घेतलं, त्यात अतिदक्षता घेतली. त्या वर्षांत या आजाराकडे पाहण्याची नजरच बदलत होती. पूर्वी रक्तात जंतू वाढलेला दिसला की मग त्याच्यामागे लागायचं, अशी रीत होती. आता आम्ही आधी अवयवांकडे पाहायला शिकलो: श्वास, शुद्ध, लघवी, त्वचेची ऊब, रक्तदाब. रक्तातलं लॅक्टेट मोजलं की दाब अजून ठीक असतानाही कळतं की पेशींना पुरेसं रक्त मिळत नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासांत मोजायचा, दिवसांत नव्हे. सलाईन कुणाला किती द्यावं आणि कधी थांबवावं, यावर आम्ही आजही भांडतो. काही उपचार मोठ्या आशेने आले आणि गुपचूप मागे पडले. मला हे सगळं अतिशय आवडायचं. एखादी गोष्ट कालच्यापेक्षा आज जास्त नेमकी कळते, यासारखं सुख नाही. पण एक गोष्ट मी दर आठवड्याला पाहत होते. यातलं काहीही सुरू व्हायच्या आधी घरात कुणीतरी म्हणालेलं असायचं, "उतरला."

म्हणून मी गावोगाव आरोग्यसेविकांची शिबिरं घ्यायला लागले. आणि म्हणून तुझ्या मागे लागले, की तुझी गोष्ट तू स्वतः सांग.

मूलजवळच्या त्या शाळेतलं शिबिर तू विसरणं शक्य नाही. मी अर्धा तास बोलले. मग मोठ्या अभिमानाने सांगितलं की ज्यांना हे झालं होतं आणि ज्या वाचल्या, त्या आज आपल्यासमोर आहेत. तू उठलीस, लुगडं सारखं केलंस, तुटकं बोट पदराआड घेतलंस आणि खणखणीत आवाजात बोललीस: "मले मलेरिया झाला होता. गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. बोट मासोळीनं नेलं. हे आमची डाक्टरीन लय शिकली आहे, तिचं ऐका." आणि खाली बसलीस. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं अर्ध्या तासाचं भाषण तू चार वाक्यांत बुडवलंस.

परत येताना तलावाच्या पाळीवरून आपण चालत होतो. मी इतकी चिडले होते की पुढे-पुढे जात होते.

"काऊन धावून राह्यली वं? मी का पळून जाऊन राह्यली?"

"तू खोटं बोललीस आत्या. सगळ्यांसमोर."

"मंग खरं तू बोलली नं. दोन्ही झालं."

"त्यांनी तुझं ऐकलं! माझं नाही! उद्या एखादी बाई अशीच गार पडेल आणि तिच्या घरचे तुझं नाव घेऊन गप्प बसतील."

तू थांबलीस. टोपली नसली तरी तू डोक्यावर टोपली असल्यासारखीच उभी राहायचीस, मान ताठ. "नंदे, तो मलेरिया नव्हता तं काय होतं?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. तू शांतपणे ऐकलंस, आणि म्हणालीस, "म्हंजे जीप परत पाठवाले नाई पाहिजे होती."

"नाही."

"कोणं पाठवली?"

मी तलावाकडे पाहिलं.

"तुयी आजी गेली तवा देवा रांगत होता. मी त्याले या कमरेवर घेऊन मासोळी इकली. तो चहा पाजून राह्यला होता लोकांले, माह्या ताप उतरला म्हून. इतका खुश त्याले मी त्याच्या लग्नातबी नाई पाह्यलं. आता मी चार गावांत सांगत फिरू, का माह्या भावानं मले मारलं असतं?" मग एकदम हसलीस. "मलेरियाच होता बाई. मलेरियानं कोणाची इज्जत जात नाई."

आत्या, त्या दिवशी मला कळलं की तुला सगळं समजलेलं होतं. चुकीचं निदान सांगणारे रोगी मी पुष्कळ पाहिले. योग्य निदान ऐकून, तोलून, बाजूला ठेवणारी तू एकटीच. मी तेव्हा म्हणाले की चूक एकट्या बाबांची नव्हती, सगळ्या गावाची होती, आणि म्हणूनच ती सांगायला हवी. तू म्हणालीस, गाव तुझ्या घरी जेवायला येत नाही, देवा येतो. मी म्हणाले की न सांगण्याने माणसं मरतात. तू म्हणालीस, सांगण्यानेही मरतात, तू अजून लहान आहेस. आपण घरापर्यंत भांडलो. घरी बाबांनी विचारलं, भाषण कसं झालं? तू म्हणालीस, "पोरीनं मस्त बोललं," आणि मला ताटात झिंग्यांचा मोठा वाटा वाढलास.

नंतर शिबिरांत मी "एका गावातली एक बाई" असं म्हणायला लागले. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते फारसं उमटत नसे. नाव नसलेल्या बाईचे पाय कुणाला गार लागत नाहीत. मी तुझ्यावर रागावलेली असायचे आणि त्याच आठवड्यात तुझा डबा यायचा. नागपूरच्या होस्टेलवर तू सुकटीची पिशवी घेऊन आली होतीस तेव्हा माझ्या खोलीतली एक मुलगी नाक दाबून बाहेर गेली होती. तू तिला हाक मारलीस: "ये वं, मेलेल्या माणसाले कापते अन् मेलेल्या मासोळीले भेते?" रात्री तीच मुलगी भाताबरोबर दुसऱ्यांदा वाढून घेत होती. तुझ्यामुळे मला कधी लाजायला झालं नाही. माझ्या आयुष्यात ज्या काही मोठ्या दारांतून मी आत गेले, त्या प्रत्येक दारात मासळीचा वास माझ्या आधी पोचला होता, आणि मी त्याच्या मागोमाग ताठ मानेने गेले. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मंग साबण कायले लावते?"

या वेळी कुणीही वेळ घालवला नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तुला साखर होती, लघवीत जळजळ होती, तू ती लपवलीस. पण सकाळी तू आईला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारलीस आणि बाबा उठले. तेवढ्यावर उठले. ताप आहे की नाही, हेही त्यांनी पाहिलं नाही. तू माझ्या विभागात पोचलीस तेव्हा रक्तदाब अजून टिकून होता. रक्त काढलं, पहिल्या तासातच अँटिबायोटिक दिलं, लॅक्टेट मोजलं, पुन्हा मोजलं, दाब सांभाळायला औषध सुरू केलं, श्वासासाठी यंत्र लावलं. ट्रकमधल्या त्या दिवशी आमच्याकडे यातलं काय होतं? आता सगळं होतं, आणि सगळं वेळेवर होतं. जंतू मात्र वेगळा निघाला. आमच्या नेहमीच्या औषधांना तो दाद देत नव्हता. योग्य औषध कळलं आणि बदललं, तोवर तुझी मूत्रपिंडं थांबली होती. मी ते सगळे तास पुन:पुन्हा तपासले आहेत, माझ्या सवयीप्रमाणे. दाखवण्यासारखी चूक सापडत नाही. हे मान्य करणं मला फार जड जातं आहे. चूक सापडली असती तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

आता तेरवीचं सांगते. तू असतीस तर हे घडूच दिलं नसतंस.

अंगणात पंगत बसली होती. बाबा वाढत होते, हातात लाखोळीच्या वरणाची बादली होती. म्हातारी काकू म्हणाली, "मांगच्या बारीले तं मलेरियातून उठली होती बिचारी." रोजचंच वाक्य. बाबा थांबले. बादली खाली ठेवली.

"मलेरिया नव्हता, काकू," ते म्हणाले. "जंतुदोष होता. अंग थंडं पडलं अन् मले वाटलं ताप उतरला. शब्बीरभाई दारात जीप घेऊन उभा होता. मी परत पाठवली. या बारीले मी येळ नाई घालवला, तरी बाई गेली. त्या बारीले घालवला होता. ते तिनं जलमभर कोणाले सांग्तलं नाई."

मी बाबांकडे जायला निघाले, तेवढ्यात पंगतीच्या टोकाला बसलेल्या एका माणसाने घास ताटात परत ठेवला. गोंडपिपरीहून आलेला, तुझ्या सासरकडचा कुणीतरी. तो म्हणाला, "माही पोरगी मंजुळा अशीच थंडी पडली होती. बाळंतपणानंतर. आमी पांघरूण काढून ठेवलं होतं, आता झोपू द्या म्हनलं." त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण मान हलवली. मग काकू. तिच्या दिराबद्दल. मग शेजारच्या रांगेतून आणखी कुणी. हळू आवाजात, ताटाकडे पाहत. आत्या, मी वर्षानुवर्षं गावोगाव जे विचारत फिरले ते त्या पंगतीत एकापाठोपाठ एक समोर येत होतं. कागद-पेन माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढलं नाही.

काकूने बाबांनाच विचारलं, मला नाही: "मंग करावं काय गा, देवराव? थंडा पडला तं?"

"पाय चाचपा," बाबा म्हणाले. "लघवी झाली का इचारा. तुयं नाव काय, इचारा. उत्तर उलटंपालटं आलं का हसू नोका. गाडी पाह्यजा."

त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही.

तू रागावशील, मला माहीत आहे. तू म्हणशील, गप बस देवा, वरण थंड होऊन राह्यलं. तुला बाबांच्या इज्जतीची जी भीती वाटत होती, त्यासाठी तू आपली सगळी खरी गोष्ट मलेरियाच्या नावावर टाकून दिलीस, आणि मी ती परत मागत राहिले. म्हणून हे तुला सांगणं माझंच काम आहे. बाबा बोलत होते तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि नीट पाहत होते, जशी एखाद्या रोग्याला पाहते तशी. त्यांचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. पण मान खाली गेली नाही, आत्या. पंगतीतल्या कुणीही त्यांच्यावरून नजर काढून घेतली नाही. बोलून झाल्यावर त्यांनी बादली उचलली आणि गोंडपिपरीच्या त्या माणसाच्या ताटात, तो नको-नको म्हणत असताना, आणखी वरण वाढलं.